‘तीस टक्के कमी बोला’ सांगणाऱ्याने कधी घर विकलं नसावं

गेल्या महिन्यात एक मेसेज मला चार ग्रुपवरून आला: सोसायटीचा, माहेरचा, शाळेचा आणि भिशीचा. ‘घर घेताय? हे सहा नियम पाळा, दहा लाख वाचवा.’ नियम असे. सांगितलेल्या किमतीच्या तीस टक्के कमी बोला. घर आवडलं तरी नावं ठेवा. काही रक्कम रोखीत देतो म्हणा. टोकन देऊन मालकाला अडकवा आणि रजिस्ट्रेशनच्या तोंडावर पुन्हा भाव पाडा. दुसऱ्या घराची बोलणी चालू आहेत असं सांगत राहा. पितृपक्षात बोला, स्वस्तात मिळेल.

तीन वर्षांपूर्वी आम्ही नाशिकमधलं, इंदिरानगरचं आईचं रो-हाऊस विकलं आणि पाथर्डी फाट्याजवळ जुना फ्लॅट घेतला. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बसून झालंय. हा मेसेज लिहिणारा फक्त एका बाजूला बसलाय, आणि तिथेही फार वेळ टिकला नसावा.

तीस टक्क्यांचं आधी बघू. फ्लॅटचे ६२ लाख सांगितले, तर या नियमाने बोली होते ४३ लाख ४० हजार. हा आकडा आला कुठून? मालकाच्या आकड्यातून. म्हणजे मालकाने ७० सांगितले असते तर तुम्ही ४९ बोलला असता. याला भाव करणं म्हणत नाहीत. घराला भाव असतो आणि तो बघता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे त्याच बिल्डिंगमधल्या, त्याच सर्व्हे नंबरवरच्या खरेद्यांचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, निघतो. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे शेजारी छापलेले असतात. पहिला म्हणजे कागदावर दिलेली किंमत, दुसरा रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराने येणारी. दोन-तीन वर्षांतले चार दस्त काढा, किंमत कार्पेट क्षेत्रफळाने भागून बघा. आमच्या बाबतीत अशा दस्तांचे आकडे ५४ ते ५७ लाखांच्या मधे आले आणि आम्ही ५३ बोललो. मालकांनी ‘कशावरून?’ विचारलं, तेव्हा प्रिंट पुढे ठेवल्या. चिडण्यासारखं काही नव्हतं, कारण कागद त्यांच्याच बिल्डिंगचे होते.

शिवाय फार खाली जाण्यात एक खड्डा आहे, तो मेसेजवाल्याला ठाऊक नाही. समजा रेडी रेकनरने त्या फ्लॅटची किंमत ५० लाख होते आणि तुम्ही खरंच तो ४३ लाख ४० हजारांत मिळवला. मुद्रांक शुल्क तरी ५० वरच भरायचं, कारण दोन्हीतली मोठी रक्कम धरतात. आणि फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त झाला की आयकर खातं तो पूर्ण फरक, इथे ६ लाख ६० हजार, खरेदीदाराच्या उत्पन्नात मोजतं. विकणाऱ्याचा भांडवली नफाही मग ५० धरूनच काढतात. स्वस्तात घेतल्याचा आनंद रिटर्न भरेपर्यंतच.

आता नावं ठेवण्याचं. आईचं रो-हाऊस बघायला एक गृहस्थ आले होते. हॉलची भिंत बोटांनी वाजवली आणि म्हणाले, “हे सगळं पाडावंच लागणार.” आई आतून चहाचा ट्रे घेऊन येत होती. त्या घराच्या प्रत्येक विटेवर तिने स्वतः उभं राहून पाणी मारलेलं. चहा झाला, ते गेले आणि आई एवढंच म्हणाली, “यांना नको.” त्यांची शेवटची बोली आम्ही ज्यांना घर दिलं त्यांच्यापेक्षा दीड लाखाने जास्त होती. तरी नको. भावाने व्यवहार म्हणून समजावून पाहिलं, पण आईपुढे त्याचं कधी चाललंय?

यावर कोणी म्हणेल, भावनेवर घर विकायचं नसतं. खरं आहे, पण आईचा नकार नुसता भावनेचा नव्हता. भिंत वाजवून भाव पाडणारा माणूस खरेदीखताच्या दिवशी काय करेल, हा तिचा हिशोब होता. विकणारा फक्त आकडा ऐकत नसतो. हा माणूस सब-रजिस्ट्रारच्या टेबलापर्यंत धड येईल का, हे तो जोखत असतो.

दोष सांगूच नयेत असं नाही. खरा दोष असेल तर जरूर सांगावा. बाथरूमची गळती खालच्या फ्लॅटच्या छतावर उतरली असेल तर प्लंबरकडून अंदाज काढा आणि ‘एवढा खर्च आहे, तेवढा किमतीत धरू’ म्हणा. घर गोदावरीच्या काठाकडे असेल तर पूररेषेचं विचारा: निळ्या रेषेत (साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर) आहे की लाल रेषेत (शंभर वर्षांतून एकदा येणारा)? सप्टेंबर २००८ चा पूर ज्यांनी पाहिला ते या प्रश्नाने दुखावत नाहीत. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावर पूर मोजणारं गाव आहे हे. पण कागद लाल-निळ्या रेषांचा हवा, तोंडी नको. ‘टाइल्स जुन्या फॅशनच्या’ हा दोष नाही, ती तुमची आवड आहे.

रोखीचा नियम मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण तो हुशारी म्हणून सांगितला जातो. जागेच्या व्यवहारात आगाऊ म्हणून वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. २०१५ पासून आयकर कायद्यात ते स्पष्ट आहे. दंड जेवढी रोख तेवढा, आणि तो घेणाऱ्यावर. म्हणजे ‘दहा लाख रोखीत देतो’ म्हणणारा, मोठेपणाने बोलत, समोरच्याला दंडाच्या तोंडी देतोय. आता स्वतःचंही गणित करा. ५६ लाखांचं घर. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत जाते. सगळं चेकने दाखवलं तर कर्ज ४४ लाख ८० हजार, खिशातून ११ लाख २० हजार. दहा लाख रोखीत सरकवले तर करारात ४६ उरतात, कर्ज ३६ लाख ८० हजारांवर येतं आणि खिशातून जातात १९ लाख २० हजार. रेडी रेकनर ५० लाख धरला तर मुद्रांक वाचतो तो फक्त त्या ५० च्या वरच्या सहा लाखांवरचा. आणि हे घर पुढे विकाल तेव्हा तुमची खरेदी ४६ चीच धरणार.

टोकन देऊन अडकवण्याबद्दल. आमच्या शेजाऱ्यांना असा गिऱ्हाईक भेटला. टोकन ५१ हजार, पावतीवर ‘घराच्या व्यवहारापोटी’ एवढंच. रजिस्ट्रेशनच्या दोन दिवस आधी फोन: “बँकेचं व्हॅल्युएशन कमी आलंय, तीन लाख कमी करा.” शेजाऱ्यांनी पुढच्या घराला विसार दिलेला होता, त्यांनी दीड लाख सोडले. इथपर्यंत मेसेजवाला जिंकला. पण त्यानंतर लाइट बिलाचं नाव बदलायला सही हवी, शेअर सर्टिफिकेटसाठी सही हवी, घरपट्टीची जुनी पावती हवी. शेजाऱ्यांना वेळच मिळेना. त्यांचं वागणं बरोबर म्हणत नाही, पण समजतं.

चांगली विसारपावती दोघांनाही मोकळं ठेवते. किंमत, किती दिवसांत साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार), कर्ज नामंजूर झालं तर टोकन परत की नाही, सर्च रिपोर्टमध्ये (मालकीच्या कागदांच्या तपासणीत) अडचण निघाली तर काय, पार्किंग कोणतं, पंखे-गीझर राहणार की जाणार. सोसायटी असेल तर हस्तांतर शुल्क कोण भरणार. ते महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही, हेही लिहून टाका. आणि ५० लाखांपासून पुढे १ टक्का टीडीएस तुम्ही कापणार, हे बोली करतानाच सांगा. खरेदीखताच्या दिवशी ५६ हजार कमी दिसले की भल्या माणसाचाही चेहरा उतरतो.

दुसऱ्या घराच्या बोलण्यांची थाप? नाशकात दोन माणसांमागे तिसरा ओळखीचा निघतो. तुम्ही म्हणता ते कॉलेज रोडचं घर एजंटला माहीत असतं, आणि दोन महिन्यांपूर्वी विकलं गेल्याचंही. आपली वरची मर्यादा मात्र कोणालाच सांगू नये, एजंटलाही नाही. मेसेजमध्ये हे लिहिलेलं नाही. जे लिहायला हवं होतं तेच राहिलं.

पितृपक्षाच्या नियमात अर्धं खरं आहे. त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक कमी फिरतं, मालकाला बोलायला वेळ असतो. पण ज्याला नवा व्यवहार त्या दिवसांत नको, त्याला ‘आजच टोकन घ्या’ म्हणणं म्हणजे स्वतःच्या बोलीला अपशकुन. आम्ही बोलणी पितृपक्षातच केली. तीन बैठका झाल्या, ५३ वरून ५५ वर आलो, मालक ६२ वरून ५७ वर. मधल्या दोन लाखांवर चार दिवस गाडी अडली. मग आम्ही सांगितलं, बँकेचं मंजुरीपत्र हातात आहे, साठेखत महिन्याच्या आत करू, तुम्हाला सामान हलवायला दिवाळीपर्यंत थांबू. मालकांच्या मुलीचं दिवाळीत बाळंतपण होतं, हे आम्हाला दुसऱ्या बैठकीत चहाच्या वेळी कळलं होतं. त्यांनी ५५ लाख ७५ हजार म्हटलं. टोकनचा चेक घटस्थापनेच्या सकाळी दिला.