सीएमएम म्हणे सात दिवसांत!

आयटीआय-डिप्लोमावाल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. सात दिवसांत सीएमएम (कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन, जॉबला म्हणजे बनवलेल्या पार्टला प्रोबची सुई टेकवून मापं घेणारं मशीन) शिका, ड्रॉइंग येत नसलं तरी चालतं, प्रोब टेकवा बटण दाबा, मशीन मायक्रॉनचीही (मिलिमीटरचा हजारावा भाग) चूक करत नाही, हाताने माप घ्यायचा मायक्रोमीटर आता भंगारात. पोरं पैसे भरायला निघालीत म्हणून लिहितोय.

सात दिवसांत मशीन हलवायची जॉयस्टिक येते हे खरं, मला तर दोन दिवसांत आली होती.

आता "मशीन चूक करत नाही". अहो मशीन फक्त पॉइंट देतं, प्रोबचा रुबी बॉल जिथे टेकला तिथला एक्स वाय झेड, बस. बोअरवर, म्हणजे गोल भोकाच्या आत, तीनच पॉइंट घेतले तर त्यातून वर्तुळ नेहमी परफेक्टच बसतं, सर्क्युलॅरिटी (गोलाईतली चूक) शून्य, पोरगं खुश! पातळ रिंग थ्री-जॉ चकात (तीन जबड्यांच्या पकडीत) आवळून बोअर केली की सोडल्यावर ती तीन बाजूंनी फुगते-दबते, ते दिसायला पॉइंट भरपूर लागतात, नाहीतर स्कॅनिंग, म्हणजे प्रोब न उचलता सलग फिरवायचा. आणि हो, समोरासमोर दोनच ठिकाणी टेकणाऱ्या टू-पॉइंट मायक्रोमीटरलाही हा तिकोनीपणा कळत नाही, त्यामुळे जुन्या लोकांनी लगेच कॉलर ताठ करू नये.

टेम्परेचरचं तर कोणी बोलतच नाही. ड्रॉइंगवरचं माप 20 डिग्रीचं असतं. शिकत होतो तेव्हा वॉशिंगमधून आलेलं ॲल्युमिनियम हाउसिंग तसंच गरम गरम टेबलावर ठेवलं, दोन बोअरमधलं 300 चं अंतर जास्त आलं आणि मी बिनधास्त रिजेक्टचा टॅग लावला, मशीन शॉपवाले भांडायला आले. सीनियरने जॉबला नुसता हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. ॲल्युमिनियम मीटरला डिग्रीमागे साधारण 23 मायक्रॉन वाढतं, म्हणजे 10 डिग्री जास्त असेल तर 300 मिमीला जवळपास 70 मायक्रॉन. सॉफ्टवेअरमध्ये कॉम्पेन्सेशन असतं पण मटेरियल आणि जॉबचं टेम्परेचर बरोबर द्यायला तर पाहिजे ना.

ड्रॉइंग येत नसेल तर मोजणार काय, हा माझा साधा प्रश्न आहे. डेटम म्हणजे जिथून मापं धरायची ती पृष्ठं; डेटम ए वर तीन पॉइंट, बी वर दोन, सी वर एक, हा क्रम ड्रॉइंगच सांगतं, क्रम उलटा केला की त्याच जॉबचे आकडे बदलतात. होल एक्समध्ये 0.03 आणि वायमध्ये 0.04 सरकलं तर सेंटर 0.05 ने हललं, पण पोझिशन 0.10 लिहायची, कारण टॉलरन्स झोन (सेंटर जितक्या गोलात सरकलेलं चालतं तो) डायमीटरमध्ये असतो, दुप्पट. टॉलरन्स 0.08 असेल तर नवीन पोरगं 0.05 बघून ओके करतं आणि माल कस्टमरकडून परत येतो.

राहिला मायक्रोमीटर. लाइनवर शाफ्टची ओडी (बाहेरचा डायमीटर) बघायला दर वेळी सीएमएमच्या रांगेत कोण उभं राहणार? आणि रिपोर्टवर शंका आली की आमच्याकडे पहिलं काम हेच, स्टायलस (प्रोबची रुबी बॉलवाली सुई) बदलल्यावर माप माहीत असलेल्या रेफरन्स बॉलवर क्वालिफाय, म्हणजे तपासून सेट, केला होता का ते विचारायचं आणि तोवर डायमीटर मायक्रोमीटरने बघून घ्यायचा.