भट्टी गावात का आणली? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

पुण्याजवळच्या भाड्याच्या शेडमधील लाकूड सुकवण्याची भट्टी आणि तिच्या शेजारची लहान लाकडी केबिन मी कणकवली तालुक्यातील माझ्या घराच्या आवारात हलवली, त्याविषयीच्या लेखावर आपण परखड आणि मुद्देसूद प्रतिक्रिया लिहिली आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. कोकणात वर्षातील आठ महिने ऊन असताना विजेवर लाकूड सुकवणे म्हणजे पैशांची नासाडी आहे. भट्टीतले लाकूड ठिसूळ होते. एवढे जड धूड घाटातून उतरवण्यापेक्षा लाकूडच पुण्याला पाठवणे शहाणपणाचे होते. केबिन ही निव्वळ हौस आहे, त्याऐवजी जांभ्या चिऱ्याची खोली बांधायला हवी होती. आणि गावात भट्टी आली की गावची झाडे तुटणार. यांतला शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण सुरुवात पहिल्यापासूनच करावी लागेल, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यावर उभ्या आहेत.

लाकूड किती सुकेल हे उन्हापेक्षा हवेतील दमटपणावर ठरते. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडातील ओलावा (लाकडाच्या पूर्ण सुक्या वजनाच्या तुलनेत) १६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो आणि ती ९० टक्के असेल तर २० टक्क्यांच्या घरात थांबतो. मग ती फळी तशीच आणखी दोन वर्षे ठेवली तरी तिच्यात फरक पडत नाही. किनारपट्टीच्या या पट्ट्यात अगदी कोरड्या महिन्यांतही उघड्या शेडमधील फळी १२-१३ टक्क्यांच्या खाली सहसा जात नाही आणि मृग लागला की तीच फळी हवेतील ओल पुन्हा पिऊ लागते. उलट पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०-३० टक्क्यांवर येते, तेव्हा लाकूड ५-६ टक्क्यांकडे ओढले जाते. आता सागाची एक फूट रुंद, पाटीसारखी कापलेली फळी घ्या. ती इथे १७ टक्क्यांवर असताना टेबलाच्या वरच्या भागासाठी वापरली आणि पुण्यातल्या घरात ७ टक्क्यांवर आली, तर ती रुंदीत सुमारे सहा मिलिमीटर आकसते. साग तर आकसण्याच्या बाबतीत अत्यंत सोशिक लाकूड मानले जाते. चौकटीत घट्ट बसवलेली फळी सहा मिलिमीटर आकसली, की एकतर सांधा उघडतो किंवा फळी मधोमध फाटते. गिऱ्हाईक मग सुताराच्या नावाने बोटे मोडते आणि त्यात गिऱ्हाइकाची काही चूकही नसते.

आपण लिहिता की आपल्या आजोबांच्या घराची दारे शंभर वर्षे टिकली आणि त्यांनी भट्टी पाहिलीही नव्हती. हे अगदी खरे आहे. पण ते लाकूड ज्या हवेत सुकले त्याच हवेत आयुष्यभर राहिले, ही गोष्ट त्यात महत्त्वाची आहे. शिवाय त्या सुतारांना लाकूड हलणार हे पक्के ठाऊक होते. म्हणून दाराची फळी चौकटीच्या खाचेत ते मुद्दाम सैल ठेवत आणि तुळईसाठी ऐन किंवा किंजळ वापरताना ती वर्षभर तशीच पडू देत. मी जे सामान करतो त्यातले बहुतेक घाट चढून पुणे-कोल्हापूरकडे जाते, आणि तिथे उन्हाळ्यातली कोरडी हवा तरी असते किंवा एसी तरी. त्या घरांना जुळेल इतके सुके लाकूड इथल्या उघड्या हवेत तयार होऊच शकत नाही.

उघड्या हवेशी माझे वैर आहे असे मात्र समजू नये. सॉ मिलमधून आलेली फळी मी आधी शेडमध्येच रचतो. प्रत्येक थरामध्ये एकाच जाडीच्या पट्ट्या असतात, त्या एकाखाली एक ओळंब्यात येतात, फळ्यांच्या टोकांना रंग लावलेला असतो आणि वर वजन असते. हिरव्या, म्हणजे ताज्या कापलेल्या लाकडातले मोकळे पाणी, म्हणजे साधारण ३० टक्क्यांच्या वरचे, वारा फुकटात काढून देतो आणि पुढे २५ टक्क्यांपर्यंतही तोच नेतो. भट्टीकडे उरतो तो २५ पासून १० किंवा १२ पर्यंतचा टप्पा. आंब्याचे पूर्ण सुके वजन घनमीटरला ५५० किलो धरले, तर २५ वरून १२ टक्क्यांवर येताना त्यातून सत्तर-एक लिटर पाणी काढावे लागते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते, म्हणजे सगळी मिळून पन्नास युनिटच्या आत. माझी भट्टी दमट हवा बाहेर सोडून देत नाही. ती हवेतले पाणी थंड नळ्यांवर पकडते आणि त्या पाण्याने सोडलेली उष्णता पुन्हा आतच फिरवते, त्यामुळे प्रत्यक्ष वीज याहूनही कमी लागते आणि त्यात पंख्यांची थोडी भर पडते. आपण धरलेला खर्च हिरवे लाकूड थेट भट्टीत घालून हीटरवर सुकवण्याचा आहे. तसे मी करत नाही.

विजेच्या बेभरवशाबद्दल आपण जे लिहिले ते पावसाळ्यात रोज अनुभवास येते. तरीही या पद्धतीच्या भट्टीला वीज जाण्याचे फारसे भय नसते. भिंतींत फोम भरलेला असल्याने आतली ऊब टिकते आणि यंत्र थांबले की आतली हवा थोडी दमट होते इतकेच. दमट हवेत लाकूड फाटत नाही. ते फाटते घाईने सुकवल्यावर.

हीच गोष्ट ठिसूळपणाच्या आक्षेपालाही लागू आहे. तापमान भरमसाट चढवून चार दिवसांत लाकूड बाहेर काढणारे लोक आहेत आणि त्यांच्या फळीची बाहेरची साल आधी आकसून कडक होते, आतला गाभा मागे राहतो, आणि पुढे रंद्याखाली ती फळी वाकते किंवा करवतीला घट्ट धरते. असे लाकूड आपल्या हाती आले असेल तर आपला राग रास्त आहे. माझ्याकडे मुख्य सुकवणी ४५ ते ५० अंशांवर सावकाश होते आणि शेवटी आत पाण्याचा बारीक फवारा देऊन पृष्ठभाग सैल केला जातो. त्यानंतर प्रत्येक खेपेतली एक फळी कापून तपासली जाते. फळीच्या टोकापासून थोडे आत येऊन इंचभर रुंदीचा आडवा तुकडा काढायचा आणि मधला भाग कोरून त्याचा दोन दातांचा काटा करायचा. दात सरळ राहिले तर लाकूड शांत आहे. दात एकमेकांकडे वळून टोके भिडली तर आत ताण आहे, मग त्या फळ्या पुन्हा फवाऱ्याखाली जातात. ओलाव्यासाठी मी केवळ टोचायच्या मीटरवर विसंबत नाही, कारण लाकडाची जात आणि तापमान बदलले की त्याचा आकडा बदलतो. लहान तुकडा वजन करून १०३ अंशांवर, वजन उतरायचे थांबेपर्यंत सुकवायचा आणि पुन्हा तोलायचा, हीच खात्रीची रीत आहे. शेवटी फळीच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता अर्धा तास पोहोचवली की आतला किडा मरतो. निर्यातीच्या लाकडी खोक्यांना जगभर हाच नियम लावतात. आंब्याच्या सालीलगतच्या कच्च्या लाकडातून पिठासारखा भुसा गळताना आपण पाहिला असेलच; उघड्यावर सुकवल्याने त्याचा बंदोबस्त होत नाही.

लाकूडच पुण्याला का नेले नाही, याचे उत्तरही आंब्याकडेच आहे. ‘लाकडाला घाई नसते, माणसाला असते’ असे आपण लिहिले आहे. लाकडाला नसेलही, पण बुरशीला असते. ताजा कापलेला आंबा दमट हवेत रचून न ठेवता नुसता पडला, तर काही दिवसांतच त्यावर निळे-काळे डाग चढतात आणि ते खोलवर जातात. ट्रक भरेल इतका माल जमेपर्यंत थांबायचे, मग घाट चढायचा आणि वर रांगेत थांबायचे, एवढ्या काळात अर्धी फळी सरपणाच्या लायकीची होते. शिवाय ५५० किलो सुक्या लाकडात ६० टक्के ओलावा असला तर त्यासोबत ३३० किलो पाणी ट्रकमध्ये बसते आणि भाडे त्याचेही पडते. भट्टी एकदाच उतरवली. पाणी दरवेळी चढवावे लागले असते.

ती उतरवणेही वाटते तितके अवघड नव्हते. भट्टी म्हणजे मुळात वीस फुटी शीत कंटेनर आहे. आतल्या स्टेनलेस स्टीलच्या अस्तराला लाकडातून निघणारी आंबूस वाफ खात नाही, भिंतींत फोम आहे आणि रिकामे वजन तीन टनांच्या आसपास आहे. रुंदी २.४४ मीटर असल्याने मालवाहू वाहनाच्या २.६० मीटरच्या मर्यादेत ती बसते. केबिनही मी पूर्वी याच हिशोबाने आठ फूट रुंद केली होती. कॉम्प्रेसर मात्र काढून, उभाच ठेवून वेगळा आणला, कारण तो आडवा झाला की त्यातले तेल नळ्यांत जाते. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट या वाटेने दहाचाकी ट्रक विनासायास खाली आला. कसोटी लागली ती हमरस्ता सोडल्यानंतर. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणे, मध्ये जेमतेम ट्रकभर वाट आणि डोक्यावर घराघरांत गेलेल्या विजेच्या तारा. ट्रकच्या हौद्यावर कंटेनर चढला की उंची पावणेचार मीटरच्या पुढे जाते. लाइनमनने वीज बंद करून एकेक तार उचलून धरली आणि ट्रक माणसाच्या चालीने पुढे सरकला. शेवटच्या वळणावर एका शेजाऱ्यांनी आपल्या गडग्याचे वरचे दोन थर स्वतःहून उतरवून दिले आणि नंतर ते पुन्हा रचून देणे हे आमचे काम होते. हायड्रा क्रेनने कंटेनर चारी कोपऱ्यांच्या कड्यांना धरून उचलला आणि चार कोपऱ्यांच्याच जोत्यांवर ठेवला. ही जोती पाण्याच्या नळीने लेव्हल पाहून बांधली होती, कारण कंटेनर जरा पिळला की दाराचे रबर बसत नाही आणि दमट हवा आत शिरते.

आता केबिनविषयी. तिला आपण हौस म्हणालात, पण भट्टीतून निघालेली फळी ठेवायची कुठे, हा प्रश्न आपल्या प्रतिक्रियेत आला नाही. जुलैमध्ये दहा टक्क्यांवर आणलेले लाकूड पडवीत ठेवले तर काही आठवड्यांत ते पुन्हा पंधराच्या वर जाते आणि सगळी वीज पाण्यात जाते. केबिन हे माझे कोरडे कोठार आहे. तिच्या दुहेरी लाकडी भिंतींत भराव आहे, फटी बंद आहेत आणि एक लहान यंत्र आतली आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांवर धरून ठेवते, त्यामुळे लाकूड नऊ-दहा टक्क्यांवर थांबते. जुळणीही तिथेच होते आणि तयार सामान गाडी येईपर्यंत तिथेच राहते. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. आषाढात चिऱ्याची भिंत ओल ओढते, हे कोकणातल्या कोणालाही मी सांगायला नको. राहण्यासाठी तिच्यासारखी थंड खोली नाही, पण या कामाला ती उलटी पडते. वाळवीची आपली शंका रास्त आहे. त्यासाठी केबिन जमिनीपासून दोन फूट उंच चिऱ्याच्या खांबांवर आहे आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर कडा खाली वळवलेला पत्रा आहे. वाळवीला वर जायचे तर त्या पत्र्याच्या कडेवरून मातीची नळी बांधावी लागते, आणि ती उघड्यावर दिसते.

झाडांच्या प्रश्नावर मी आपल्याला निश्चिंत करू शकणार नाही. भट्टी झाड तोडत नाही हे खरे असले, तरी लाकडाला चांगला भाव येऊ लागला की कुऱ्हाडीला काम मिळते, हेही तितकेच खरे आहे. कायद्याचे कुंपण आहे: महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ यांच्यासोबत आंबा आणि फणसही आहेत, म्हणजे स्वतःच्या परड्यातला आंबा तोडायलाही परवानगी लागते. माझ्याकडे गोल लाकूड येत नाही. परवानाधारक सॉ मिलमध्ये कापलेल्या फळ्याच येतात, आणि कागद नसलेली फळी मी आत घेत नाही. त्याच वेळी दुसरी बाजूही पाहावी लागते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगडात आणि पुढल्या मे महिन्यात तौक्तेने आमच्या किनाऱ्यावर जुने आंबे मुळासकट आडवे केले. आमच्या वाडीतले दोन पुरुष उंचीचे बुंधे तुकडे करून चुलीत गेले, कारण ते सुकवून फळी करण्याची सोय कोणाकडेच नव्हती. पडलेले, वठलेले आणि घरावर झुकल्यामुळे रीतसर परवानगीने उतरवलेले झाड एवढ्यावर ही भट्टी चालवायची, असा माझा प्रयत्न आहे. तिचे पोट एवढ्यावर भरते की नाही हे पाहायला अजून काही पावसाळे जावे लागतील, आणि आपण त्यावर नजर ठेवणार असाल तर मला ते हवेच आहे.

आपल्याकडे माळ्यावर फणसाच्या जुन्या फळ्या पडून असल्याचे आपण ओघात लिहिले आहे. त्या दोन-तीन वर्षे घरातच असतील तर त्यांना माझ्या भट्टीची बहुधा गरज नाही. देव्हारा वा कपाट इथल्याच घरात राहणार असेल तर त्या आहेत तशाच वापराव्यात, फक्त फळ्या चौकटीत थोड्या सैल बसवायला सुताराला सांगावे. ते सामान मुलाकडे पुण्याला जाणार असेल, तर मात्र एक इंच जाडीच्या आतल्या फळ्या दिवाळीनंतर पाठवाव्यात. पावसात उघड्या टेम्पोतून आणू नयेत.