पुण्य करताय? परवाना आहे ना?

वय झालंय, तरुणपणी केलेली लुटालूट रात्री आठवते. यॉर्कशायरमधल्या एखाद्या मठाला शंभर एकर देऊन टाकावेत आणि भिक्षूंनी आपल्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना करावी, असं तुमच्या मनात आलंय. विचार उत्तम. फक्त साल बघून घ्या. 1279 उलटलं असेल, तर इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने मठांच्या हाती जमीन जाणं कायद्याने बंद केलेलं आहे.

राजाला नावं ठेवू नका. माणसं मरतात म्हणून त्याचं चालतं. जमीनदार गेला की वारस नजराणा भरतो. वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान असेल तर जमीन धन्याच्या, म्हणजे ज्याच्याकडून ती कुळाला मिळाली त्या वरच्या मालकाच्या ताब्यात जाते, वर त्या पोराचं लग्न जमवण्याचा हक्कही धन्याचाच, आणि तो विकताही येतो. वारस नसेल तर जमीनच परत. मठ मात्र मरत नाही, अज्ञान नसतो, लग्न करत नाही, फासावरही जात नाही. असलं कूळ कुठल्या धन्याला परवडेल?

पण घाबरू नका. बंदी आली की परवाना येतो, आणि परवाना आला की पैसे भरायची खिडकी उघडते. अर्ज करा. चॅन्सरीतून, म्हणजे राजाच्या हुकूमपत्रांच्या कचेरीतून, एस्चीटर नावाच्या सरकारी अंमलदाराला हुकूम जाईल. तो आसपासचे पंच बसवून शपथेवर विचारेल: या दानाने राजाचं किंवा आणखी कुणाचं नुकसान आहे का? जमिनीचं उत्पन्न किती? दात्याकडे धन्याच्या चाकरीपुरतं काही उरतं का? नुकसान नाही असं पंचांनी सांगावं, अशी प्रार्थना भिक्षूंकडून आगाऊ करून घ्या. (पंचांना जेवू घातलं तर प्रार्थना लवकर फळते म्हणतात.) मग तुमच्या आणि राजाच्या मधल्या धन्याची संमती, राजाला नजराणा, आणि शिक्का.

मठ हुशार असेल तर तो ठोक परवाना काढेल: वर्षाला दहा पौंड उत्पन्नापर्यंतच्या जमिनी, हळूहळू घेऊ. तिथे उत्पन्न कमी लिहून घेण्याचा मोह होईल, कारण आकडा लहान तितकी मर्यादा जास्त पुरते. चॅन्सरीतले कारकून मात्र काल जन्मलेले नाहीत. पंचांनी चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड सांगितले, तरी दहा पौंडांतून ते त्याहून जास्त वजा करून मोकळे होतात.

विनापरवाना आधीच ताबा घेतलात? राजाचं मन मोठं आहे. माफीपत्र मिळतं, त्याचेही पैसे पडतात.

पळवाटा विचाराल तर एक जुनी होती. मठाने तुमच्यावर दावा लावायचा, तुम्ही तारखेला गैरहजर राहायचं, कोर्ट जमीन मठाला देणार. 1285 मध्ये ती बुजवली. मग बेनामीचा मार्ग निघाला: जमीन चार भरवशाच्या माणसांच्या नावावर, पीक मठाच्या कोठारात. हा बरीच वर्षं बिनबोभाट चालला. 1391 मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या पार्लमेंटने तोही पकडला, आणि मठांबरोबर शहरांना अन् व्यापारी संघांनाही त्याच दावणीला बांधलं. आता पुढच्या मायकेलमसपर्यंत, म्हणजे 29 सप्टेंबरच्या आत, परवाना काढा नाहीतर जमीन विकून टाका. निघायचं असेल तर लवकर निघा, अख्ख्या इंग्लंडचे मठ त्याच खिडकीपाशी येणार आहेत.