गाडीची बॅटरी घरी बदलता येते, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ती बदलता यायला हवी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच, हाफ क्लच, रिव्हर्स, चढावर गाडी धरून ठेवणं असं सगळं शिकवतात. बॉनेट उघडून ‘ही बॅटरी, हे तिचे दोन टर्मिनल’ एवढं मात्र बहुतेक ठिकाणी कुणी दाखवत नाही. मग वर्षानुवर्षं सिंहगड रोडच्या गर्दीतून सराईतपणे गाडी काढणारी बाई एखाद्या सकाळी सेल्फ घेतला नाही की एकदम परावलंबी होते. फोन केल्यावर जो मेकॅनिक येईल तो म्हणेल ते खरं, मागेल ते पैसे बरोबर. मला हे मनापासून खटकतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

गाड्यांना सेल्फ नव्हता तेव्हा पुढून हँडल घालून इंजिन फिरवावं लागायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात मोडायचा. १९१२ मध्ये कॅडिलॅकच्या गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ आला आणि गाडी चालू करायला दंडात ताकद हवी ही अट संपली. बायका एकट्याने गाडी बाहेर काढू लागल्या, त्यात या सेल्फचा मोठा वाटा आहे. या सेल्फला वीज देते ती शिशाची बॅटरी. तीसुद्धा काही कालची नाही, गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ मध्ये केली. इतकी जुनी, इतकी समजून घेता येण्याजोगी वस्तू आपल्या घरात परकी का असावी?

शिवाय ‘जरा धक्का द्या हो’ हा उपायही आता हातातून चाललाय. पुण्याच्या ट्रॅफिकला कंटाळून ज्यांनी ऑटोमॅटिक घेतली, त्यांची गाडी धक्क्याने चालू होत नाही.

दर हिवाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये कुणाची ना कुणाची गाडी बंद पडते आणि सगळे थंडीला बोल लावतात. खरं नुकसान आदल्या एप्रिल-मेमध्ये झालेलं असतं. चाळीस अंशांच्या उन्हात, तापलेल्या बॉनेटखाली, बॅटरीतल्या प्लेटा लवकर गंजतात आणि पाणी उडून जातं. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो, आणि मग ते दुखणं बाहेर येतं. त्यात आपलं गाडी वापरणं कसं, तर कर्वेनगर ते डेक्कन. सेल्फ मारताना खर्च झालेलं चार्जिंग भरून निघायच्या आत आपण पार्किंग शोधायला लागलेले असतो.

पण सेल्फ घेत नाही म्हणजे बॅटरी मेली, असं धरून चालू नका. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंना घरी आलेल्या माणसाने न तपासता नवी बॅटरी बसवून दिली. थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा बंद. दोष ऑल्टरनेटरमध्ये होता, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो त्या यंत्रात. तो चार्जच करत नव्हता. काकूंना वाटलं आपलंच नशीब. नशिबाचा प्रश्नच नव्हता, मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र, लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी टर्मिनलवर मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्याकडे बघा. भरलेली बॅटरीसुद्धा तेव्हा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर तिच्यात दम उरलेला नाही. इंजिन चालू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवा. तो १२ च्या घरातच घुटमळत असेल तर संशय ऑल्टरनेटरवर किंवा बेल्टवर घ्या. (काही नव्या गाड्या चार्जिंग स्वतः कमीजास्त करतात, म्हणून हेडलाइट लावून पुन्हा एकदा मोजावं.) टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर तीही साफ करून बघा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासलं की निघते. कित्येकदा दुखणं तेवढंच असतं.

बॅटरी खरंच गेली असेल तर विकत घेताना जुनीवरचा कोड फोटो काढून न्या. ३८बी२०एल असं काहीतरी छापलेलं असतं. शेवटचं एल की आर हे अक्षर चुकलं तर टर्मिनल उलट्या बाजूला येतात आणि वायर पोचत नाही. ट्रे केवढा आहे तेही बघा. नाना पेठेतल्या दुकानात घ्या नाहीतर घराजवळ घ्या, पण तयार झाल्याची तारीख विचारा. बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते, म्हणून महिनोन् महिने कपाटात राहिलेली घेऊ नये. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या. ‘छत्तीस महिने’ म्हणतात तेव्हा त्यातले फुकट बदलून मिळायचे किती आणि प्रो-राटाचे, म्हणजे वापरलेल्या काळाच्या हिशोबाने फक्त काही सूट मिळायचे, किती, हेही त्याच वेळी विचारावं.

आता प्रत्यक्ष काम. गाडी बंद, चावी खिशात, आणि हातातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवलेलं. मंगळसूत्र लांब असेल तर तेही. हे मी भीती घालायला सांगत नाही. बॅटरीला बारा व्होल्टच असतात, शॉक बसत नाही, पण धातूने दोन टोकं जोडली गेली तर शेकडो अँपिअर करंट वाहतो आणि अंगठी क्षणात लाल होते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ सिगारेट, उदबत्ती काही नको. आत गंधकाम्ल आहे, म्हणून हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा.

काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. माझ्या भाचीला हे दाखवत होते तेव्हा तिने लगेच विचारलं, “मावशी, पण का?” तिचा प्रश्न मला फार आवडला, कारण नुसता क्रम पाठ केला तर ऐनवेळी उलटा होतो. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह तसाच ठेवून पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला टेकला, की बॅटरी थेट शॉर्ट. ठिणग्या, वितळलेला पाना, भाजलेला हात. निगेटिव्ह आधी सोडवला असेल तर पाना कुठेही टेकू दे, मंडल पूर्णच होत नाही. भाचीला हे एकदा कळलं, त्यानंतर तिला क्रम विचारावा लागला नाही.

नट बहुतेक गाड्यांत दहा नंबरच्या पान्याचे असतात. मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी सोडवायची आणि बॅटरी सरळ वर उचलायची, तिरकी करायची नाही. छोट्या गाडीचीसुद्धा बॅटरी चांगलीच जड असते आणि डिझेलची त्याहून जड, तेव्हा पाठ दुखत असेल तर दोघांनी धरावी. नवी बसवली की पट्टी घट्ट आवळा, कारण हलत्या बॅटरीच्या प्लेटा आपल्या रस्त्यांवर टिकत नाहीत. टर्मिनलवर थोडं व्हॅसलीन. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, काही गाड्यांत काचांचं ऑटो सेटिंग जातं, काहींत म्युझिक सिस्टिम कोड मागते. तो कोड काम सुरू करण्याआधीच शोधून ठेवा.

एक पद्धत मला अजिबात मान्य नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरी काढायची, म्हणजे सेटिंग जात नाही म्हणे. ऑल्टरनेटरमधून येणारा विजेचा दाब त्या क्षणी उसळतो आणि गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, उडू शकतो. कुणी तुमच्या गाडीवर असं करायला लागलं तर तिथेच थांबवा.

आणि हे काम प्रत्येक गाडीसाठी नाही, हेही स्पष्ट सांगते. स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम या जास्त दणकट प्रकारचीच बॅटरी लागते, साधी घालून चालत नाही. काही महागड्या गाड्यांत नवी बॅटरी कॉम्प्युटरला कळवावी लागते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायर दिसली की हात मागे, तिच्यात जीवघेण्या दाबाची वीज असते. तिथे सर्व्हिस सेंटरच.

राहिली जुनी बॅटरी. ती भंगारवाल्याला देऊन चार पैसे जास्त मिळतील, हे मला ठाऊक आहे. पण तिच्या वजनात अर्ध्याहून जास्त भाग शिशाचा असतो, आणि कुठल्या तरी वस्तीत ती फोडून शिसं उघड्यावर वितळवलं जातं तेव्हा तो धूर आणि ती माती तिथल्या मुलांच्या अंगात जाते. युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांनी २०२० मध्ये मांडलेला अंदाज असा, की जगात दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक आहे, म्हणजे जवळपास ८० कोटी मुलं. त्याच्या मुख्य कारणांत ही बॅटऱ्यांची बेकायदा फोडाफोड येते. शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही, मेंदूचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम आहेत. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळता अधिकृत यंत्रणेकडेच देण्याची जबाबदारी तुमच्या-माझ्यावर. नवी घेताना अधिकृत विक्रेत्याकडे जुनी दिली की किमतीत सूट मिळते, पावतीवर तिची नोंद करून मागा. दुकानदाराने कुरकुर केली तरी मागा.

कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाला पहिल्यांदा करताना शेजारी माणूस हवं असेल तर कमेंटमध्ये लिहा. रविवारी सकाळी मला वेळ असतो. मल्टिमीटर आणि पाना घेऊन येईन, बॅटरी मात्र तुमची तुम्हीच बदलायची.