मामांचं मशीन कपाटावर चढवणाऱ्या मेसेजला उत्तर

‘उशाशी मोबाइल ठेवून झोपता? आजच सावध व्हा!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सांगली-साताऱ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. गल्लीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, कुठलाही उघडा, तो आहेच. सात मुद्दे आहेत, खाली ‘मुंबईतील मोठ्या डॉक्टरांचा इशारा’ असं लिहिलंय आणि त्या डॉक्टरांचं नाव कुठेच नाही. एरवी मी असल्या गोष्टींकडे दुर्लक्ष करतो. पण सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या माझ्या मामांनी त्यातला चौथा मुद्दा वाचून आपलं सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, बंद करून टाकलं. म्हणून हे लिहितोय, आणि चौथ्यापासूनच सुरुवात करतोय.

चौथा मुद्दा असा: ‘डोक्यापासून सहा फुटांच्या आत करंटवर चालणारं कोणतंही यंत्र ठेवू नका. बीपीचं मशीन, ऑक्सिजनचं मशीन, घोरण्याचं मशीनसुद्धा नको. झोपेत मेंदू उघडा असतो, यंत्राची लहर थेट आत शिरते.’

मामांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मग मेंदू दचकून अर्धवट जागा करतो आणि माणूस धाप लागल्यासारखा श्वास ओढतो. आजार तीव्र असेल तर हे तासाला तीस-तीस वेळा होतं. झोपलेल्याला पत्ता नसतो, शेजारी झोपलेल्याला असतो. मशीन यायच्या आधी मामी रात्री उठून बसायच्या. घोरणं थांबलं की त्यांच्या पोटात गोळा यायचा, मामांचा खांदा हलवून त्या परत श्वास सुरू करायच्या. मिरजेत रात्रभराची झोपेची तपासणी झाली, मशीन आलं आणि दोघंही झोपायला लागले.

मागच्या खेपेला सांगलीला गेलो तेव्हा सकाळी चहा घेताना मामांच्या गालावर मास्कच्या पट्ट्याचा वळ दिसला नाही. तो रोज असायचा, दहा-अकरा वाजेपर्यंत जायचा नाही. विचारलं तर म्हणाले, “अरे, रात्रभर डोक्यापाशी करंट चालू असतो, ते काय बरं आहे का?” मशीन टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलेलं होतं. मामी आतून म्हणाल्या, “तूच सांग बाबा आता. माझं ऐकत नाहीत.” आणि हाच माणूस सकाळी गाडी काढून मार्केट यार्डात जातो, महिन्यातून एक-दोनदा पेठ नाक्यावरून हायवेला लागून कराडला जातो. रात्रभर श्वास अडकलेल्या माणसाला स्टिअरिंगवर डुलकी लागते. ‘लहर शिरते’ म्हणणाऱ्यानं याचा विचार केला होता का?

मशीनमध्ये असतं काय, तर एक छोटी मोटर आणि एक पंखा. खोलीतलीच हवा गाळून आत घ्यायची आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या दाबानं नळीतून नाकात सोडायची. हा दाब ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा, म्हणजे अगदी सौम्य असतो. त्या हवेनं घसा उघडा राहतो, बस्स. ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ही पद्धत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली, तेव्हापासून जगभर लाखो लोक हा मास्क लावून झोपतात. मोटरीभोवती चुंबकीय क्षेत्र असतं हे खरं, पण ते अंतराबरोबर झपाट्यानं घटतं, हातभर लांब जवळजवळ काही उरत नाही. मामांच्या पायथ्याशी उन्हाळाभर टेबलफॅन फिरतो, त्यालाही मोटरच असते. आणि झोपेत मेंदू ‘उघडा’ कसा असेल? कवटी रात्री कुठे जाते?

उलट मशीन सोडल्यावर काय होतं, हे तपासून झालेलं आहे. झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली सीपॅप नीट वापरणाऱ्या रुग्णांपैकी काहींचा उपचार दोन आठवडे थांबवून पाहिला. अ‍ॅप्निया लगेच परतला, दिवसाची झोपाळूपणाची तक्रार परतली आणि सकाळचा वरचा रक्तदाब सरासरी साडेआठ अंकांनी चढला. मामांना रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू आहे.

एक गोष्ट कबूल करतो, कारण मामांच्या शेजाऱ्यांनी तीच पुढे केली. २०२१ साली एका मोठ्या कंपनीनं आपली लाखो सीपॅप मशीनं परत मागवली होती. पण कारण आतला आवाज दाबणारा फोम होता. तो झिजून त्याचे कण नळीत येण्याची भीती होती. त्यात रेडिएशनचा संबंध नव्हता. आपलं मशीन त्या यादीत आहे का, हे अनुक्रमांकावरून बघता येतं. मामांचं त्यात नाही, तिथेच बसून पाहिलं.

खरं कारण वेगळंच निघालं. मास्क नाकाच्या बाजूनं गळत होता, घसा कोरडा पडत होता, मामा वैतागले होते. मेसेजनं त्यांना हवं ते निमित्त दिलं. त्यावर उपाय आहेत: मास्कचं माप बदलणं, मशीनच्या डबीत पाणी भरून हवा दमट करणं. डॉक्टरांना फोन केला, मास्क बदलून मिळाला आणि मशीन परत उशाशी आलं. पण ज्यांना विचारणारा भाचा नाही त्यांचं काय? ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या एखाद्या आजीनं हे वाचून नळी काढून ठेवली तर? या एका मुद्द्यासाठी हा मेसेज ज्यानं लिहिला त्याचा मला राग आहे. बाकीचे सहा मुद्देही चुकीचे आहेत, पण हा सगळ्यांत घातक आहे.

आता पहिला मुद्दा, ‘उशाशी मोबाइल म्हणजे मेंदूचा कॅन्सर’. ही भीती हवेतून आलेली नाही, हे मान्य. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मोबाइलच्या रेडिओ लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ या २-बी गटात टाकल्या. त्याच गटात पुढे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही गेला. पुरावा अपुरा आहे, शंका पूर्ण मिटलेली नाही, एवढंच तो गट सांगतो. मग पुरावा गोळा झाला. त्याच संघटनेनं करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास त्यात तपासले. मोबाइल वापरणं आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही, जास्त बोलणाऱ्यांतही नाही. मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी हा एक आढावा पुढे करतो, आणि अजून कुणी त्याला उत्तर दिलेलं नाही.

कारणही समजण्यासारखं आहे. पेशीतल्या रेणूंचे बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या लाखो पटींनी कमी ऊर्जा रेडिओ लहरीच्या एका कणात असते. एक्स-रेची गोष्ट वेगळी. शिवाय नुसता पडून असलेला फोन रात्रभर काही ओकत नसतो, अधूनमधून टॉवरला हजेरी देतो. हँडसेटमधून शरीरात किती ऊर्जा शोषली जावी याला आपल्याकडे मर्यादा आहे, एका ग्रॅम ऊतीमागे सरासरी १.६ वॅट प्रतिकिलो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की बहुतेक हँडसेटमध्ये त्याचा आकडा समोर येतो.

तिसऱ्या मुद्द्यात म्हटलंय की बॅटरी शेवटच्या कांडीवर आली की रेडिएशन हजार पट होतं. बॅटरीचा इथे संबंधच नाही. फोन जोर वाढवतो तो नेटवर्क कमी असलं की, कारण लांबच्या टॉवरपर्यंत पोचायचं असतं. कोयनेच्या खोऱ्यात किंवा जतच्या एखाद्या वाडीवर फोन जास्त जोर लावतो, सांगलीच्या गणपती पेठेत कमी. बॅटरीच्या कांड्या आणि रेंजच्या कांड्या यांत कुणीतरी गल्लत केली आणि वर ‘हजार पट’ स्वतःच्या मनानं लावलं.

दुसरा मुद्दा तर जुनाच आहे. आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार, नासानं सांगितलंय, फोन बंद करून लांब ठेवा. ‘आज रात्री’ ही तारीख वर्षानुवर्षं हलत नाही. व्हिक्टर हेसनं १९१२ साली फुग्यातून वर जाऊन ही किरणं शोधली. ती दिवसरात्र येत असतात आणि बहुतेक वातावरणातच अडतात. फोन त्यांना ओढून घेत नाही.

पाचवा, निळ्या प्रकाशानं आंधळं होण्याचा. डोळे जातात याला पुरावा नाही. झोप लांबते याला आहे, पण थोडा. एका प्रयोगात झोपण्यापूर्वी उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना कागदी पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप यायला सरासरी दहा मिनिटं उशीर झाला. खरी झोप खातं ते रील, एकामागून एक. त्याला प्रकाशापेक्षा आपलं बोट जबाबदार आहे.

सातवा मुद्दा विक्रीचा. फोनला अमुक चिप किंवा स्टिकर लावा, रेडिएशन शून्य. २०२० साली राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप आणली होती, तेव्हा देशभरातल्या शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाचा इशारा तर असा आहे की अशा पट्ट्यांनी सिग्नल अडला तर फोन आणखी जोर लावेल. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर लोकांना ‘पुरावा काय?’ विचारायला शिकवलं, त्याच साताऱ्यात हे स्टिकर घराघरांत विकले जातायत याचं वाईट वाटतं.

राहिला सहावा: रात्री फोन पूर्ण बंद करा, नाहीतर सुती कपड्यात गुंडाळून गादीखाली घाला. दोन्ही सल्ले चुकीचे. आधी बंद करण्याचं बघू. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५५ च्या आसपास. कोयनेतून पाणी सुटलं, पातळी चढतेय, ही खबर रात्रीच येते. २०२१ च्या २२ जुलैच्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या. पावसाळ्यात नदीकाठी किंवा डोंगराच्या कुशीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फोन बंद ठेवायला सांगू नये. छातीत कळ आली तर १०८ लावायचा कुठून?

आणि गादीखाली तर मुळीच नको. चार्जिंगला लावलेला फोन तापतो, कापसात ती उष्णता बाहेर पडत नाही. लिथियमची बॅटरी खराब असेल, चार्जर हलका असेल, तर तिथेच पेट घेते. उशाशी फोन ठेवण्यात कुठे खरा धोका असेल तर तो हाच, आणि मेसेज नेमकं तेच करायला सांगतो. पेसमेकर बसवलेल्यांनी एवढं मात्र पाळावं: फोन छातीवर किंवा वरच्या खिशात नको, पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर लांब.

बाकीच्यांनी फोन स्टुलावर किंवा कोनाड्यात, कडक आणि उघड्या जागी ठेवावा. चार्जर उलटा करून बघावा, त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. नसेल तर तो रात्रभर लावू नये. वायर चिकटपट्टीनं बांधलेली असेल तर टाकून द्यावी. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावताना घरच्यांचे नंबर त्यातून वगळून ठेवावेत, म्हणजे ग्रुप गप्प राहतात आणि घरचा फोन वाजतो.