‘पाण्याला रबराचा वास, संडासाची दुर्गंधी, वर दोन हजार कापले’ : आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या भाड्याच्या कॅम्पर व्हॅनबद्दल (आत सिंक-संडास असलेली, राहायची गाडी) तुमचा अभिप्राय वाचला. दोन स्टार दिलेत आणि तीन तक्रारी लिहिल्यात: सिंकच्या पाण्याला रबराचा वास होता, तिसऱ्या दिवशी संडासाची घाण आख्ख्या व्हॅनभर पसरली, आणि बेळगावला परत आल्यावर आम्ही डिपॉझिटमधले २००० रुपये कापले. पहिल्या तक्रारीत सगळी चूक आमची. दुसरीत अर्धी. तिसरी मात्र मला मान्य नाही.

तुम्ही फोटो टाकलाय तो हिरवा पाइप बागेचाच आहे. आमच्या आवारात दोन पाइप असतात. पिण्याच्या पाण्याची टाकी भरायला निळा, फूड-ग्रेडचा, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंना चालणारा. संडासाची टाकी धुवायला हिरवा. त्या दिवशी सकाळी निळ्याचं कपलिंग (टाकीला जोडायचं तोंड) तुटलं, तुम्ही निघायच्या घाईत होता, म्हणून आमच्या पोरानं हिरवा लावला. “धुवून घेतलेला की,” म्हणतो. धुवून काय होतंय? असा पाइप उन्हात पडून तापला की आत अडकलेल्या पाण्याला प्लास्टिकची चव लागते आणि आतून बुळबुळीत थर धरतो. तो थर नुसतं पाणी सोडून जात नाही. त्यात या पाइपचं तोंड रोज मैल्याच्या टाकीला लागतं. प्यायला तुम्ही बाटलीचं पाणी घेतलंत म्हणून निभावलं, नाहीतर आज मी पाइपबद्दल नाही, तुमच्या मुलांच्या पोटाबद्दल लिहीत बसलो असतो.

व्हॅन परत आली त्याच दिवशी पिण्याच्या पाण्याची टाकी क्लोरीननं धुतली. टाकी १०० लिटरची आहे. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ ब्लीच, १०० मिली घातलं, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम पडतं. प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडला, चार तास तसंच ठेवलं, मग दोनदा टाकी भरून रिकामी केली. निळा पाइप आता पूर्ण निथळून, दोन्ही तोंडं एकमेकांत अडकवून, झाकणाच्या पेटीत सावलीत असतो. शिवाय हिरव्याचं कपलिंग वेगळ्या मापाचं करून घेतलंय. आता कुणाला कितीही घाई असली तरी तो पिण्याच्या टाकीला बसणारच नाही. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

आता दुर्गंधी. जांबोटीच्या होमस्टेवर दोन रात्री व्हॅन ड्रेनेजच्या चेंबरला जोडून उभी होती आणि संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह तुम्ही उघडाच ठेवलात. घरच्या ड्रेनेजची सवय असलेला कुणीही तेच करेल. पण व्हॅनच्या टाकीत उतार जेमतेम असतो. व्हॉल्व्ह उघडा राहिला की पाणी निघून जातं आणि घट्ट मैला तळाशी चिकटून सुकतो. तो बंद ठेवायचा, टाकी निम्म्याहून जास्त भरू द्यायची आणि एकदम सोडायची. मग पाण्याच्या लोटाबरोबर सगळं जातं. त्यानंतर आत बादलीभर पाणी ओतून ठेवायचं. दुसरं म्हणजे, छताचा एक्झॉस्ट चालू असताना कमोडची झडप उघडली की पंखा टाकीतलीच हवा वर ओढतो. आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर सिंकखालच्या ट्रॅपमधलं (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीतलं) पाणी हिंदकळून जातं, तिथूनही वास येतो. त्यात तांब्याभर पाणी ओतलं की थांबतो.

हे सगळं व्हॅनमधल्या स्टिकरवर होतं, पण कन्नड आणि इंग्रजीत. बॉडी बांधणाऱ्यानं दिला तसा आम्ही चिकटवला. बेळगावात धंदा करायचा, निम्मी गिऱ्हाइकं पुण्या-कोल्हापूरची, आणि मराठी कार्ड नाही! तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत, मला मात्र तेच जास्त लागलं. आता मराठी कार्ड कमोडच्या दारावर आतून लावलंय. हीच ती अर्धी चूक.

एक मात्र पुन्हा करू नका. वासावर उपाय म्हणून संडास धुवायचं ॲसिड टाकीत ओतलं, असं तुम्ही लिहिलंय. ते ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद व्हॅनमध्ये पळायला जागा नसते.

राहिले २००० रुपये. “नाइलाजानं कणकुंबीच्या अलीकडे ओढ्याकाठी टाकी सोडली,” हे तुमचंच वाक्य. ताई, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. खाली खानापूरपासून सौंदत्तीच्या धरणापर्यंत माणसं-जनावरं त्याच पाण्यावर आहेत. रस्त्याकडेला मैला सोडायला आपल्याकडे सोय नाही हे खरं, म्हणून तर टाकी आमच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये किंवा चेंबर असलेल्या मुक्कामीच रिकामी करायची, ही अट बुकिंगच्या कागदावर तुमच्या सहीच्या वर आहे. फोन केला असतात तर वाटेतलं ठिकाण सांगितलं असतं.

तेव्हा हिरव्या पाइपपायी एका दिवसाचं भाडं आज तुमच्या खात्यावर परत पाठवतोय. डिपॉझिटमधले २००० परत मिळणार नाहीत. दोन स्टार तसेच ठेवलेत तरी चालेल. फक्त पाइपचा फोटो तिथून हटवू नका, आमच्या पोरांना दाखवायला तो उपयोगी पडतोय.