ताजी बिअर घरी न्यायची तर कोकणात कॅनच. काचेचा जग फक्त आजच्या रात्रीपुरता

टॅपवरची बिअर घरी न्यायची तर काचेच्या जगातून, म्हणजे झाकणाच्या मोठ्या बाटलीतून, की कॅनमधून, यावर माझं मत ठाम आहे. घर अर्ध्या-पाऊण तासावर असेल आणि जग आज रात्रीच रिकामा होणार असेल, तर जग उत्तम. बाकी प्रत्येक वेळी, निदान मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर, कॅन घ्यावा. मात्र तो कॅन रोज सीम, म्हणजे कॅन आणि झाकणाचा जोड, तपासणाऱ्याकडूनच भरून घ्यावा.

काचेचा जग म्हणजे ग्राउलर, ६४ औंसांचा, साधारण १.९ लिटरचा. आजच्या रूपात तो १९८९ च्या सुमारास अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या एका छोट्या ब्रुअरीने रुळवला. कॅन म्हणजे क्राउलर, ३२ औंसांचा, ९४६ मिलीचा. कोलोरॅडोच्या ऑस्कर ब्लूज ब्रुअरीने बॉल या कॅन बनवणाऱ्या कंपनीबरोबर तो २०१४ मध्ये आणला. दोन्ही जागा थंड, कोरड्या, डोंगरातल्या. तिथले नियम जसेच्या तसे उचलून मे महिन्यातल्या रत्नागिरीत वापरले की बिअर बिघडते.

आधी दाबाचं गणित. साधारण बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड तिच्या आकारमानाच्या अडीचपट असतो. ३-४ अंश सेल्सिअसला तो विरघळलेला ठेवायला ११-१२ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब पुरतो. तीच बिअर बंद भांड्यात ३० अंशांवर गेली की दाब ३८ पीएसआयच्या आसपास चढतो. साधा काचेचा जग आणि त्याचं पातळ फिरकीचं झाकण एवढ्या दाबासाठी बनवलेलंच नसतं. बहुतेकदा झाकणातून वायू सुटतो आणि बिअर मिळमिळीत होते; काचेला बारीक चीर असेल तर जग फुटतो. काठोकाठ भरलेला जग आणखी धोक्याचा, कारण ४ अंशांवरून ३५ वर जाताना १.९ लिटर बिअर दहा-बारा मिली फुगते आणि तिला जायला जागा नसते. म्हणून वर ५ टक्के, म्हणजे नव्वद-शंभर मिली, मोकळे सोडायलाच हवेत. पेयाचा चांगला अ‍ॅल्युमिनियमचा कॅन ९० पीएसआयच्या आसपास दाब सोसतो. बंद गाडीत विसरला गेला तर चव जाईल, पण स्फोट सहसा होणार नाही.

दुसरी गोष्ट काचेच्या वजनाची. रिकामा जग किलोभर भरतो. तो ३० अंशांवर काउंटरवर उभा असेल आणि त्यात २ अंशांची बिअर ओतली, तर एकटी काच बिअरला अडीच अंश तापवते. शिवाय गरम काचेला लागताच बिअर फेसाळते, फेस ओसरेपर्यंत भरणारा थांबतो आणि तेवढ्या वेळात वायू उडून जातो. उपाय सोपा आहे: जग आधी बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. कॅनमध्ये धातू इतका थोडा असतो की हा प्रश्न जवळजवळ येतच नाही.

आता भरणं. इथे दोन्ही भांड्यांचा नियम एकच, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. टॅपला लांब नळी लावायची, ती तळाला टेकवायची, आधी पाच सेकंद कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर काढायची, मग तळातून भरत यायचं. टॅपचा वेग सेकंदाला ६० मिली असेल तर कॅन सोळा सेकंदांत भरतो. शेवटी थोडा फेस मुद्दाम वर येऊ द्यायचा आणि झाकण त्या फेसावरच ठेवायचं. मोकळ्या जागेत हवा नको, फेस हवा. हे नुसतं नखरेलपण नव्हे. झाकणाखाली फक्त २० मिली हवा राहिली तरी तिच्यात साडेपाच मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणजे कॅनभर बिअरमध्ये दर लिटरला जवळजवळ ६ मिलिग्रॅम. चांगल्या कॅनिंग लाइनवर ०.०५ मिलिग्रॅमच्या आत राहण्याचा आग्रह धरतात. शंभरपटींचा फरक, तोही एका फेसाच्या थरावरून. धुकट आयपीए (हॉप्स या कडवट, सुगंधी फुलांनी भरलेली बिअर) असेल तर दोन-तीन दिवसांत रंग तपकिरीकडे झुकतो आणि हॉप्सचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

इथे जगाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. काउंटर-प्रेशर फिलरवर, म्हणजे दाबाखाली भरलेला आणि घट्ट बूच बसलेला जग थंडीत आठवडाभर नीट राहू शकतो, आणि तो टॅपवर घाईने भरलेल्या कॅनपेक्षा निश्चित चांगला. पण असा फिलर किती ठिकाणी असतो? टॅपला नळी लावून भरलेला जग फ्रिजमध्ये न उघडता दोन-तीन दिवस, उघडल्यावर त्याच रात्री. पेला ओतून झाकण परत लावल्याने काही वाचत नाही. वरच्या मोकळ्या जागेत बिअरमधला वायू निघत राहतो.

उजेडाबद्दल थोडक्यात. हॉप्समधली द्रव्यं आणि बिअरमधलं रायबोफ्लेविन यांच्यावर निळा आणि अतिनील प्रकाश पडला की गंधकाचा उग्र वास तयार होतो. पारदर्शक काचेत, आपल्या उन्हात, त्याला काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बराच प्रकाश अडवते, सगळा नाही. कॅनमध्ये प्रकाश शिरतच नाही.

मग कॅनचं काय चुकतं? सीम. कॅनच्या तोंडाची कड आणि झाकणाची कड एकमेकांत अडकवून मशीन दोनदा दाबतं: पहिलं रोलर झाकणाची कड वळवून आत घालतं, दुसरं ती सपाट आवळतं. मधे झाकणाच्या कडेला रबरासारखा लेप असतो, तो फटी भरतो. पहिलं रोलर सैल असलं तर झाकणाचा आकडा, म्हणजे आत वळलेली कड, आखूड राहतो आणि दोन आकडे एकमेकांवर पुरेसे चढत नाहीत. दुसरं सैल असलं तर सीम जाड राहते. फार आवळलं तर कडेला धार येते आणि लेप चिरडतो. कॅन ज्यावर उभा राहतो त्या खालच्या बैठकीचा दाब कमी असेल तर कॅनचा आकडा लहान, जास्त असेल तर कॅनचं अंगच दुमडतं. यातलं बरंचसं बाहेरून दिसत नाही. फुटका जग लगेच कळतो. वाईट सीमचा कॅन चार दिवसांनी मिळमिळीत निघतो आणि दोष ब्रुअरच्या माथी येतो.

त्यात आपली खारी हवा. रोलरच्या बेअरिंगवर उडालेली बिअर सुकून चिकट होते, तिच्यावर ओल बसते, आणि पावसाळ्यात दोन आठवडे दुर्लक्ष झालं की गंज धरतो. रोज शेवटी रोलर, चक (झाकण वरून धरणारा भाग) आणि बैठक गोड्या कोमट पाण्याने पुसून कोरडी करायची आणि खाद्य दर्जाचं ग्रीस लावायचं. विहिरीचं मचूळ पाणी मशीनला लावू नका आणि कॅन खळखळायलाही वापरू नका. क्षाराने अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात. वीज जाते तेव्हा अर्धवट सीम झालेला कॅन पुन्हा मशीनवर चढवू नये, टाकूनच द्यावा. आणि वीज परत आल्यावर आधी केगचं, म्हणजे बिअरच्या पिंपाचं, तापमान बघावं. केग ७-८ अंशांवर गेला असेल तर नुसता फेस येतो, आणि फेसाने भरलेला कॅन म्हणजे कमी बिअर विकणं.

सीम तपासायला रोज सकाळचा पहिला कॅन कापून त्या वळलेल्या कडांची मापं घ्यायची, ही खरी पद्धत. मशीनसोबत आलेल्या तक्त्यातली मापं आणि सीम मायक्रोमीटर एवढं लागतं. त्याखेरीज एक स्वस्त चाचणी आहे. कॅनमध्ये थंड सोडा भरून सीम करा, पुसून ०.१ ग्रॅमच्या काट्यावर वजन घ्या, ४० अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून बुडबुडे येतात का बघा, कोरडा करून दुसऱ्या दिवशी परत वजन करा. ९४६ मिली बिअरमध्ये सगळा मिळून वायू साडेचार ग्रॅमच्या आसपास असतो. १ ग्रॅम कमी भरला म्हणजे पाचवा हिस्सा गेला.

जग धुण्याबाबत ग्राहकांना कळकळीची विनंती. रिकामा झाल्या झाल्या कोमट पाण्याने तीनदा खळखळा, उलटा घालून झाकण उघडं ठेवून वाळवा. वासाचा साबण नको, त्याने फेस मरतो. कुबट वास येणारा जग भरणाऱ्याने परत करावा, भीड ठेवू नये. आत चिकटलेल्या थरातले जिवाणू बिअर आंबट करतात, कधी लोण्यासारखा वास आणतात. आणि विकणाऱ्याची टॅपची नळी दर १४ दिवसांनी २ टक्के कॉस्टिक सोड्याने धुतली जात नसेल, तर भांडं कुठलंही घ्या, फरक पडणार नाही.

प्रवासात बर्फ मोजून घ्या. इंचभर जाडीच्या मध्यम थर्माकोलच्या डब्यात बाहेर ३२-३४ अंश असताना ताशी तीन-चारशे ग्रॅम बर्फ वितळतो. पाच तासांच्या महामार्गाला दोन ते अडीच किलो हवा. वितळलेलं पाणी ओतून टाकू नका, बर्फाचं पाणी कॅनला चहूबाजूंनी गार ठेवतं. बंदरावरचा चुरा बर्फ चालेल, पण कॅन आधी पिशवीत बांधा. ज्या कडेला तोंड लावायचं तिला मासळीचं पाणी नको. बर्फात मीठ टाकू नका, बिअर गोठेल. ताज्या कॅनमधली बिअर सहसा पाश्चराइज केलेली नसते, म्हणून तो दुकानातल्या कॅनसारखा कपाटात ठेवायचा नाही. बिअरच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: ३२ अंशांवरचे ३ दिवस म्हणजे २२ अंशांवरचे ३० दिवस, म्हणजे ३ अंशांवरचे ३०० दिवस. आपला उन्हाळा त्यातल्या पहिल्या आकड्यावर असतो. आणि गोव्यात भरलेला कॅन किंवा जग परवान्याशिवाय बांद्याच्या सीमेपलीकडून इकडे आणणं गुन्हा आहे, सील असलं तरी.

कॅन जिथे वापरूच नये अशी एक जागा आहे, ती म्हणजे हापूसचा रस घातलेली बिअर. रसात १५ ते २० टक्के साखर असते. आंबवण झाल्यावर लिटरला १०० ग्रॅम रस घातला आणि यीस्ट जिवंत असेल, तर १५ ग्रॅमहून अधिक साखर वायू व्हायला तयार असते. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की बिअरच्या आकारमानाएवढा वायू वाढतो. १२ ग्रॅम आंबली तर ३० अंशांवर दाब ९० पीएसआयच्या पुढे जातो, म्हणजे कॅनच्याही सोसण्यापलीकडे. अशी बिअर जागेवरच प्यावी. न्यायचीच असेल तर फिरकीच्या झाकणाच्या जगात, बर्फात बुडवून, त्याच संध्याकाळपुरती. रस आधी घालून पूर्ण आंबू दिला असेल आणि दोन दिवसांच्या अंतराने घेतलेलं ग्रॅव्हिटीचं, म्हणजे बिअरच्या घनतेचं, माप तेच येत असेल, तर मात्र खुशाल कॅनमध्ये भरा आणि त्यावर भरल्याची तारीख लिहा.